देशांतर्गत, वीस ग्रॅमपर्यंत

सोमवारच्या बोटीनं अथेन्सहून जाड पाकीट आलं.
आत चार ताव. एकेका तावावर
पंचवीस इग्नातिस,
सगळ्यांच्या काखेत हेल्मेट, सगळ्यांच्या मागे तेच विमान,
आणि आभाळ असं निळं
की आमच्या प्लोमारीत कुणी तसं पाहिलेलं नाही.

भुवईवरची खोक चित्रकारानं काढून टाकलीय.
ती मी पाडली होती. तेलाच्या घाण्यामागे,
सायकलच्या पाळीवरून, आम्ही नऊ वर्षांचे असताना.
भिंगातून पाहिलं. पुन्हा पाहिलं.
खोक नाही.
मला वाटलं होतं, सुटल्यासारखं वाटेल.

दहाच्या सुमारास त्याची आई आली, एर्मिओनी.
समारंभाचं निमंत्रण होतं तिला, मंत्री, बँड, खुर्चीवर नाव.
गेली नाही. ऑलिव्हची तोडणी चाललीय म्हणाली.
तिच्यापुढे प्रोकोपिस, विजेचं बिल घेऊन,
तो बाजूला सरला, तर ही म्हणते,
भर की तुझं. तेवीस वर्षं थांबलेय,
मला घाई कसली.

मी काचेखालून तिकीट सरकवलं.
तिनं ते लांब धरलं, मग जवळ, मग पुन्हा लांब.
‘यावर कुठवर जाता येतं?’
देशात कुठंही, मी म्हटलं, वीस ग्रॅमपर्यंत.
‘आणि मिर्सिनीकडे?’
मिर्सिनी त्याची बहीण. मेलबर्नला असते.
तिथं एकावर नाही जाता येत,
दोन लावावी लागतील.
‘दोन लाव,’ म्हणाली.
‘त्या विमानात एकच जागा होती.’

काउंटरवर ओला स्पंज असतो, बशीत. मी पुढे केला.
तिनं बघितलंसुद्धा नाही.
तिकीट उलटं केलं, जीभ लावली,
आणि मला चर्चचं आवार दिसलं, ईस्टरचं,
मानगूट धरून, रुमालाचं टोक थुंकीनं ओलं करून
ती त्याच्या गालावरचं चॉकलेट पुसतेय
आणि तो ओरडतोय, आई, सोड, पोरं बघतायत.
पोरं म्हणजे मी.

अंगठ्यानं दाबलं. एक. मग दुसरं,
पहिल्याला चिकटून, जरासं तिरकं.
समुद्रानं काही परत दिलं नव्हतं.
सोळा दिवस शोधलं. एक हातमोजा मिळाला,
तोही भलत्याच कुणाचा निघाला.
कबरीत फुटबॉलचे बूट आहेत त्याचे.

पुढचं काम माझं.
लाकडी मुठीचा शिक्का, गादीवर एकदा, तिकिटावर एकदा.
शाई तिकिटावर पडलीच पाहिजे असा नियम आहे,
नाहीतर तिकीट जिवंत राहतं,
कुणीही सोडवून पुन्हा वापरेल.
आजवर मी किती देव रद्द केले, किती मासे,
धावपटू, कवी, एक अख्खा ज्वालामुखी.
हात वर गेला
आणि तिथंच राहिला.

काचेपलीकडून ती बघत होती.
‘मार,’ म्हणाली,
‘नाहीतर पोचायचं नाही.’

मी कडेला मारला, आभाळावर.
नखाएवढी शाई, विमानाच्या शेपटीला लागून.
दुसराही तसाच. चेहरे कोरडे.
तिनं पर्स मिटली, सुटे पैसे मोजले,
एक नाणं कमी दिलं होतं मी,
ते मागून घेतलं, आणि गेली.

संध्याकाळी, शटर अर्धं ओढून,
एक तिकीट मी विकत घेतलं. माझ्या पैशांनी, पावती फाडून.
बारीक पेननं
भुवईवर एक रेघ ओढली.
आता ते कुठंच चालणार नाही,
गावातल्या गावातसुद्धा.
लायसन्सच्या मागे ठेवलंय.
रेघ जरा जाडच झाली.